कथलाचा थेंब

शेखरचा फोन आला तेव्हा माझी अर्धी दाढी झाली होती. "काका, गाडीतून पेट्रोल अजून टपकूनच राहिलं," तो म्हणाला. शेखर अमरावतीचा, सिमेंटची एजन्सी असलेला, चाळिशीत जुन्या गाड्यांचं वेड लागलेला माणूस. मागच्या वर्षी त्याच्या दुसऱ्या गाडीसाठी त्यानं मला अकोल्याहून नेलं होतं. "पाइप बदलले, पंप नवा टाकला, गॅस्केट दोनदा बदललं. दसऱ्याले पूजा केली, तं हार लावाले गांधी चौकातून एक फुलवाला म्हातारा आणला. हार लावता लावता त्यानं वास घेतला, मले बॉनेट उघडाले लावलं, अन् म्हने साहेब, याचा फ्लोट जड हाय. मी म्हटलं बाबा, तुमाले याच्यातलं काय समजते? तं म्हने अकोल्याच्या खुशालरावले विचारा. चंद्रभान नाव सांगतलं." गालावरचा साबण वाळायला लागला होता. मी विचारलं, गाडी कोणाची घेतली. "अकोटच्या केशवराव जिनवाल्यांची फियाट, काका. तीस वर्षं जिनिंगच्या शेडमधी झाकून पडली होती." मी येतो म्हणालो आणि उरलेली दाढी केली. हात थरथरला नाही. माझा हात कधीच थरथरत नाही, आणि त्याचा मला अभिमान आहे, हे आधीच सांगून टाकतो.

एसटीत खिडकीची जागा मिळाली. राग मनात होता आणि तो नीट वाटून घेत मी बसलो. थोडा शेखरवर, कारण असल्या लोकांना गाडी म्हणजे दिवाणखान्यातला मोर वाटतो. थोडा शेजारच्या बाईवर, जिची मेथीची जुडी माझ्या मांडीवर टेकत होती. बाकी सगळा चंद्रभानवर, गॅरेजातल्या माझ्या जुन्या जोडीदारावर. बत्तीस वर्षं ज्यानं पान्हा हातात धरला नाही, त्यानं झेंडूची टोपली घेऊन रस्त्यावर उभं राहून निदान सांगावं, आणि तेही वासावर. फ्लोट म्हणजे काय हे शेखरला ठाऊक नाही, त्याच्या बापाला ठाऊक नव्हतं. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल येतं, त्यावर पितळेचा पोकळ फ्लोट तरंगतो. पेट्रोल वर चढलं की फ्लोट वर उचलला जातो, नीडलला टेकतो आणि येणारं पेट्रोल बंद करतो. फ्लोट जड झाला की उशिरा उठतो. मग वाटी भरून वाहते, आणि पेट्रोल खालच्या तापलेल्या एक्झॉस्टवर पडतं. इतकंच. एवढ्याशा गोष्टीवर मी आयुष्य काढलं. इंजेक्शनच्या गाड्या आल्या तेव्हा अकोल्यातले सगळे कार्बोरेटरवाले बॅटऱ्या आणि सीटकव्हर विकायला लागले. मी नाही लागलो. मी गॅरेज बंद केलं आणि घरी बसलो, आणि लोक म्हणाले, खुशालरावचा हात चुकत नाही, पण आता त्या हाताला काम नाही. त्यातलं पहिलं अर्धं वाक्य मी ठेवून घेतलं.

फ्लोट जड होण्याची कारणं दोनच असतात. एक, पितळेला बारीक भोक पडतं, आत पेट्रोल शिरतं, आणि त्यानं तो जड होतो. तो वयाचा दोष, कोणा माणसाचा नाही. दुसरं कारण म्हणजे वरून लावलेलं कथील. भोक बुजवायला कथलाचा थेंब देतात, आणि थेंब मोठा झाला तर त्याचंच वजन फ्लोटला बुडवतं. केशवरावांच्या गाडीचा फ्लोट त्र्याण्णव साली मीच झाळला होता. चांगला झाळला होता. मूर्तिजापूर येईपर्यंत मी स्वतःला सांगत होतो की बत्तीस वर्षांत दुसरीकडं कुठं तरी भोक पडलं असेल, आत पेट्रोल असेल, हलवला की खळखळेल. इतकंच मला हवं होतं. एक खळखळ आवाज.

बोरगाव मंजू तर त्याआधीच कधी मागे गेलं मला कळलंच नाही, आणि ते बरं झालं असंही म्हणता येत नाही, कारण मी खिडकीला नाक लावूनच बसलो होतो. तिथं रस्त्याच्या कडेला एक कडुलिंब होता, त्याच्याखाली त्र्याण्णव साली केशवरावांची हीच फियाट पेटली होती. रस्ता चौपदरी झाला, कडुलिंब गेला, आता सगळीकडं तोच दुभाजक आणि तीच कण्हेर. मी त्या दिवशी गाडीत नव्हतो. केशवराव एका लग्नाला अमरावतीला निघाले होते आणि गाडी नुकतीच दुरुस्त झाली म्हणून सोबतीला चंद्रभानला घेऊन गेले. बॉनेटमधून धूर निघाला तसा चंद्रभाननं केशवरावांना बाहेर ढकललं, बॉनेट उघडलं, आणि शेतातली काळी माती ओंजळी-ओंजळीनं आत टाकत राहिला. ओंजळीनं. रुमाल नाही, फावडं नाही. गाडी वाचली, केशवरावांच्या धोतराला डाग लागला नाही. चंद्रभानची बोटं एकमेकांना चिकटली. मी दवाखान्यात गेलो तेव्हा त्याचे दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत होते आणि तोंड सुजून ओठ फुटले होते. आमचे मिस्त्री, वामनराव, खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "कार्बोरेटर शेवटी कोनं उघडला होता?" मी म्हणालो, "चंद्रभाननं." ते अगदी खरं होतं. गॅस्केट बदलायला त्यानंच उघडला होता. मी एक शब्द जास्त बोललो नाही, एक शब्द कमी बोललो नाही. चंद्रभान माझ्याकडं बघत होता, पण त्याला बोलता येत नव्हतं, आणि बरा होऊन बोलायला लागला तेव्हा ऐकायला कोणी नव्हतं. वामनरावांनी त्याला पुन्हा गॅरेजात येऊ दिलं नाही. अकोल्यात वाकड्या गॅस्केटचा मिस्त्री म्हणून त्याचं नाव झालं. तो बायकोच्या माहेरी अमरावतीला गेला, तिच्या भावांचा फुलांचा मळा होता. वामनरावांनी म्हातारपणी गॅरेज मला दिलं. मला वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण कोणाच्या चुकीनं तो भाजला याबद्दल माझ्या मनात कधी शंका आली नाही. त्याच्याच चुकीनं भाजला, असं मी मानलं आणि बत्तीस वर्षं नीट झोपलो.

शेखरच्या अंगणात गाडी उभी होती. दुधी रंग, नवं रेक्झीन, चकचकीत बंपर, आणि पुढं वाळलेला दसऱ्याचा हार. बाहेरून तिला नवरीसारखी सजवली होती. बॉनेट उघडल्यावर आतल्या पत्र्यावर, रंगाखाली, जुन्या जळण्याचे फोड अजून हाताला लागत होते. "वास येते की नाई?" शेखरनं विचारलं. येत होता. मी त्याच्या बायकोला, रागिणीला, रांगोळीची डबी मागितली. ती आधी हसली, मग तिनं आणून दिली. आमच्या गॅरेजची ही पद्धत वामनरावांची: कार्बोरेटर बाहेरून पुसून कोरडा करायचा, त्यावर पांढरी रांगोळी चिमटीनं भुरभुरायची, मग पंपाचा हातदांडा मारायचा आणि बघत बसायचं. जिथं रांगोळी पहिल्यांदा ओली होते तिथं दुखणं. उगीच पाइप बदलत बसायचं नाही. मी दांडा मारला. शेखर मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. सातव्या-आठव्या वेळी झाकण आणि वाटी यांच्या सांध्यावर रांगोळीची एक रेघ करडी झाली, मग सगळीकडून एकदमच करडी होत गेली. एका बाजूनं झाली असती तर गॅस्केट म्हटलं असतं. सगळीकडून झाली म्हणजे वाटीच तुडुंब भरली होती. शेखर म्हणाला, "म्हनजे बाबा बरोबर म्हनत होता काय?" मी त्याला म्हणालो, "उघडल्याशिवाय बोलू नये." तो म्हणाला, त्यानं चंद्रभानलाही बोलावलंय, दोन जुने मिस्त्री एकत्र येतील तर मजा येईल, आणि तो त्याला स्कूटरवर आणायला गांधी चौकात निघून गेला. मजा. हा शब्द त्यानं वापरला. रागिणी मी मागितलेलं गरम पाण्याचं पातेलं ठेवून आत गेली आणि मी त्या गाडीबरोबर एकटा राहिलो.

पाच स्क्रू. झाकण काढलं. वाटीतलं पेट्रोल काठाला लागलं होतं. नीडल बैठकीसकट काढून तोंडात धरली, हवा ओढून बघितली, गळत नव्हती, निर्दोष होती. मग फ्लोट उचलला, पुसला, कानाजवळ नेला आणि हलवला. काहीच नाही. पुन्हा हलवला. मी तो इतक्या वेळा हलवला की कोणी बघितलं असतं तर खुळखुळा वाजवत बसलाय म्हणालं असतं. आत एक थेंब नव्हता. गरम पाण्यात बुडवून धरला, बुडबुडा आला नाही. पितळ बत्तीस वर्षं धडधाकट राहिलं होतं, माझी झाळणी घट्ट राहिली होती. मग मी तो उलटा केला. खालच्या अंगाला माझा थेंब होता. ज्वारीच्या दाण्याएवढा, गोल, फुगीर. मी ओळखलं म्हणणं खोटं होईल; ओळखायची गरजच नव्हती, तो माझाच होता. वामनराव म्हणायचे, जितकं कथील घातलं तितकं कानशीनं काढा, भोकापुरतंच ठेवा. चंद्रभान तसं करायचा. घासून घासून इतकं सपाट करायचा की बोट फिरवलं तरी जागा लागायची नाही. मी कधीच घासत नसे. घासलं की जोड कमजोर होतो असं मी सांगायचो, पण खरं सांगायचं तर मला तो गोल थेंब आवडायचा. बघणाऱ्याला कळावं की इथं खुशालरावचा हात लागलाय. आणि दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही हा गॅरेजचा कायदा होता. ज्यानं जे झाळलं ते त्याचं.

तेव्हाच ते आठवलं. आठवलं म्हणजे कुठून लांबून आलं असं नाही, शेजारच्या खोलीत बसलेलं माणूस उठून दारात यावं तसं आलं. दुपारची वेळ होती, मी गॅरेजच्या ओट्यावर डबा खात होतो. चंद्रभान गॅस्केट बदलायला कार्बोरेटर उघडून बसला होता. फ्लोट हातात घेऊन तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, "खुशाल, थेंब मोठा झाला गा. घासू काय थोडासा?" आणि मी तोंडातला घास न गिळता म्हणालो, "माह्या कामाले हात लावू नको." तो मागे फिरला. मग आत गेला, फ्लोट तसाच ठेवला, गॅस्केट बसवलं, पाच स्क्रू आवळले. त्यानं कायदा पाळला. एवढंच त्यानं केलं होतं. डब्यात भरीत होतं, तेही मला आठवलं. बत्तीस वर्षांत मला हे एकदाही आठवलं नव्हतं, यावर कोणी विश्वास ठेवावा असं मी म्हणत नाही. माझाही त्या घटकेला बसला नाही. लाज वाटली. खूप वाटली. वाटलं, येईल तेव्हा त्याला सांगू. एकच वाक्य आहे. थेंब माझा होता आणि तू विचारलं होतंस. दोन वाक्यं झाली. मी ती मनात दोनदा म्हणून बघितली. मग शेखर डोळ्यांपुढं आला, त्याचा मोबाइल दिसला, त्याच्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर फिरणारा व्हिडिओ दिसला, आणि अकोल्यातल्या चहाच्या टपरीवर 'खुशालरावचा हात चुकत नाही' हे अर्धं वाक्य आता कसं बोललं जाईल तेही ऐकू आलं. सहासष्ट वर्षांच्या माणसाकडं तेवढंच वाक्य असेल तर तो काय करेल, हा प्रश्न मी स्वतःला विचारला, आणि उत्तर द्यायच्या आधी हात पिशवीत गेला होता.

बारीक कानस. मी खाली वर्तमानपत्र पसरलं आणि घासायला बसलो. इतकं सुबक काम मी कित्येक वर्षांत केलं नव्हतं. कथील मऊ असतं, चांदीसारखा भुगा पडतो. आधी थेंबाचा माथा गेला, मग खांदे, मग तो सपाट झाला, भोकापुरता उरला. मी बोट फिरवलं, जागा लागली नाही. अगदी चंद्रभानसारखं झालं होतं. हे सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला आनंद झाला, काम नीट झाल्याचा. माझ्या पिशवीत एक नवा फ्लोट होता. रागिणीनं ठेवलेल्या पाण्यात दोन्ही सोडले. एक केसभरही फरक नव्हता, दोन्ही सारखेच तरंगत होते. म्हणजे त्या दिवशी ओट्यावरून उठून मी पाच मिनिटं घासलं असतं तर. किंवा नुसतं घास म्हटलं असतं तर. वर्तमानपत्राची घडी करून मी खिशात घातली.

चंद्रभान स्कूटरवरून उतरला. वाळला होता, पण केस माझ्यापेक्षा काळे होते, याचाही मला राग आला. फुलांची पिशवी मनगटाला अडकवलेली, कारण बोटांत ती धरता येत नव्हती. उजव्या हाताची तीन बोटं मिळून एक झाली होती आणि कातडी ताणून चकाकत होती. "बरा हायस काय गा, खुशाल?" तो म्हणाला. मी हो म्हणालो. "कावून बोलावलं मले? तू असल्यावर माहं काय काम?" त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी शोधला, सापडला नाही. शेखर मध्येच म्हणाला, "काका, काय निघालं? फ्लोट जड हाय काय?" दोघंही माझ्याकडं बघत होते. चंद्रभान तर असा बघत होता की जणू शाळेच्या निकालाला मुलाला घेऊन आलाय. आजही मला वाटतं, मी तेव्हा गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. मी पातेलं पुढं ओढलं. "हा नवा फ्लोट, हा गाडीतला," मी म्हणालो. "पाहा. दोन्ही सारखे. फ्लोटमधी काईच नाई. गॅस्केट वाकडं बसलं होतं."

शेखर वाकून बघत राहिला, मग हसला. वाईट हसला नाही, कौतुकानंच हसला. "बाबा, तुमचा अंदाज चुकला बरं." चंद्रभाननं पाण्यातून गाडीतला फ्लोट दोन तळव्यांत धरून उचलला. त्याची बोटं निर्जीव झाली होती, त्यांना सपाट-खडबडीत काही कळत नसणार. त्यानं फ्लोट तोंडाजवळ नेला आणि खालची बाजू ओठावरून फिरवली, सावकाश, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग उजेडात धरला. बाकीचं पितळ काळपट होतं आणि तेवढी जागा ताज्या कथलाची, पांढरीशुभ्र. माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. राखेनं चोळून ती जागा मळवायला हवी होती, चंद्रभान पूर्वी तसंच करायचा. त्यानं माझ्या गुडघ्याकडं बघितलं. पँटवर कथलाचा चंदेरी भुगा पडला होता. "हं," तो म्हणाला. मग फ्लोट परत पाण्यात ठेवला, इतका हळू की पाणी हललं नाही, आणि शेखरकडं वळून म्हणाला, "माही चूक झाली साहेब. गॅस्केटच असन. आता तसा अंदाज राह्यला नाई."

मी फ्लोट बसवला, नवं गॅस्केट लावलं, पाच स्क्रू आवळले. कार्बोरेटर पुसून पुन्हा रांगोळी भुरभुरली. शेखरनं इंजिन सुरू केलं आणि आत बसून ॲक्सिलरेटर देत राहिला. त्या आवाजात आमचं बोलणं त्याला ऐकू जाणार नव्हतं. आम्ही दोघं बॉनेटमध्ये वाकून रांगोळीकडं बघत होतो, पूर्वी बघायचो तसे. रांगोळी कोरडी होती. पांढरी, जशीच्या तशी. माझं काम उत्तम झालं होतं. चंद्रभान रांगोळीवरची नजर न काढता बोलला. "मी घरी सांगत राह्यलो गा, इतके साल. बायको शिव्या द्याची तुले, पोरं द्याचे. मी म्हनो, नाई, त्याले यादच नसन. तो जेवून राह्यला होता, त्याचं लक्ष नव्हतं. याद असती तं खुशाल बोलला असता."  "त्याच्याच भरवशावर निभलं माहं. नाईतं तू जानून बोलला नाई, हेच हातापेक्षा जास्त जाळत राह्यलं असतं." मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. तो म्हणाला, "आता बोलू नको. आता काय घरी जाऊन सांगू मी?"

शेखरनं इंजिन बंद केलं, बाहेर आला, कोरडी रांगोळी बघून त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि व्हिडिओ काढला, त्यात माझा चेहरा घेतला. हात कसा चुकत नाही ते त्यानं मोबाइलला सांगितलं. रागिणीनं नारळ आणला. दुरुस्त झालेल्या गाडीला पुन्हा हार घालायचा होता, म्हणून शेखर जुना वाळका हार ओढून काढायला लागला. चंद्रभाननं पिशवीतून नवा काढला, झेंडूचा, मधे मधे आपट्याची पानं ओवलेला. एक टोक त्यानं दातात धरलं आणि दुसरं जाळीतून आरपार घातलं, पण दोरा ओढून बांधणं त्याला जमेना, ती एक झालेली बोटं दोऱ्यावरून घसरत होती. घरी बायको बांधून देते, बाहेर गिऱ्हाईक बांधून घेतं. त्यानं दोन्ही टोकं माझ्यासमोर धरली. "गाठ तू मार," तो म्हणाला. "तुही बोटं चांगली हायत." मी गाठ मारली. घट्ट, बारीक, एका झटक्यात. माझ्या दहाही बोटांनी ते अगदी व्यवस्थित केलं.